रीएन्ट्रंट असेम्ब्लर प्रोग्राम कसा लिहावा: मेनफ्रेमवर नव्याने आलेल्यांसाठी

आयबीएमच्या मेनफ्रेमवर एखादा प्रोग्राम रीएन्ट्रंट आहे असे म्हणतात, तेव्हा त्याची स्टोरेजमधली एकच प्रत एकाच वेळी अनेक टास्क (स्वतंत्रपणे चालणारी कामे) वापरू शकतात आणि एका टास्कच्या कामामुळे दुसऱ्याचे काम बिघडत नाही, एवढेच अभिप्रेत असते. ही कल्पना ओएस/३६० पासून चालत आली आहे. १९६४ साली सिस्टम/३६० जाहीर झाली त्या काळात स्टोरेज फार महाग होते, त्यामुळे एकाच कोडच्या दहा प्रती ठेवणे परवडणारे नव्हते. आज स्टोरेजची तेवढी टंचाई नसली, तरी लिंक पॅक एरियात म्हणजे एलपीएत (सामायिक प्रोग्रामांसाठी राखलेल्या स्टोरेजमध्ये) जाणारा, अनेक टास्कनी एकत्र वापरायचा किंवा दुसऱ्या प्रोग्रामांना सेवा देणारा प्रोग्राम रीएन्ट्रंटच असावा लागतो. नवशिक्याने सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. बाइंडरला, म्हणजे असेम्बल केलेल्या कोडमधून चालवण्याजोगा लोड मॉड्यूल बनवणाऱ्या साधनाला, ‘रेंट’ हा पर्याय दिल्याने प्रोग्राम रीएन्ट्रंट होत नाही. तो पर्याय म्हणजे तुम्ही यंत्रणेला दिलेला शब्द असतो आणि बाइंडर तो न तपासता लोड मॉड्यूलवर नोंदवून ठेवतो. खरे काम असते ते प्रोग्राम चालू असताना बदलणारा प्रत्येक बाइट कोठे राहतो, याचा हिशेब ठेवण्याचे.

लेखात आज्ञांची आणि मॅक्रोंची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष सोर्समध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांतच लिहायची असतात.

आधी चार प्रकार ओळखून घ्या

लोड मॉड्यूलला पुनर्वापराच्या दृष्टीने चारपैकी एक गुणधर्म असतो. नॉनरियूजेबल मॉड्यूलची प्रत्येक मागणीला नवी प्रत आणावी लागते. सीरिअली रियूजेबल मॉड्यूलची प्रत एकच असते, पण तिचा वापर एका वेळी एकानेच करायचा असतो. लिंक किंवा अटॅच या मॅक्रोने ती मागणारा दुसरा टास्क पहिल्याचे काम होईपर्यंत रांगेत थांबतो. रीएन्ट्रंट मॉड्यूलची एकच प्रत सगळे एकदम वापरतात. रिफ्रेशेबल मॉड्यूल स्वतःत कधीही काहीच बदलत नाही, म्हणून यंत्रणेने ते मध्येच ताज्या प्रतीने बदलले तरी चालते. शेवटच्या दोन प्रकारांतला फरक बारीक आहे. काटेकोर व्याख्येप्रमाणे रीएन्ट्रंट प्रोग्रामला योग्य कुलूपबंदी करून स्वतःतला एखादा शब्द बदलण्याची मुभा असते, रिफ्रेशेबलला ती नसते. नव्याने शिकणाऱ्याने ही मुभा नाहीच असे धरून लिहावे, कारण तिचा उपयोग करण्याची खरी गरज फार क्वचित पडते आणि गरज नसताना केलेला वापर पुढे निस्तरत बसावा लागतो.

बिघाड नेमका कसा होतो

नेहमीच्या शिकवणीतल्या प्रोग्राममध्ये सीसेक्टच्या (प्रोग्रामचा कोड आणि डेटा असलेल्या विभागाच्या) शेवटी १८ फुलवर्डची, म्हणजे ७२ बाइटची, सेव्ह एरिया (रजिस्टरे जपून ठेवायची जागा) ठेवलेली असते. एकट्या टास्कसाठी हे ठीकच आहे. आता हा प्रोग्राम दोन टास्क वापरत आहेत असे समजा. पहिला टास्क आत शिरतो, कॉलरच्या (बोलावणाऱ्या प्रोग्रामच्या) सेव्ह एरियाचा पत्ता, म्हणजे रजिस्टर १३ मधली किंमत, आपल्या सेव्ह एरियात ४ या ऑफसेटवर ठेवतो आणि एखाद्या सबरूटीनला कॉल करतो. ते सबरूटीन चालू असतानाच दुसरा टास्क त्याच प्रोग्राममध्ये शिरतो आणि त्याच ७२ बाइटांत, त्याच ऑफसेटवर, आपल्या कॉलरचा पत्ता लिहितो. पहिला टास्क परत येऊन रजिस्टर १३ पूर्ववत करू लागतो, तेव्हा त्याच्या हाती दुसऱ्याच्या कॉलरचा पत्ता लागतो. तेथून तो परकी रजिस्टरे भरतो आणि परक्याच जागी परततो. अॅबेंड (प्रोग्राम अर्ध्यातच बंद पडणे) येतो तो मूळ चुकीपासून फार दूर, कधी कधी वेगळ्याच प्रोग्रामच्या नावावर. एकापेक्षा अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रावर तर दोन्ही टास्क खरोखर एकाच क्षणी त्या बाइटांवर लिहीत असतात. चाचणीत असा दोष सहसा सापडत नाही, कारण चाचणी करणारा टास्क एकटाच असतो.

पहिली पायरी: बदलणारे सारे एका डीसेक्टमध्ये गोळा करा

सोर्स समोर ठेवून जागा राखणाऱ्या प्रत्येक डीएसकडे आणि आरंभीच्या किमतीसह जागा राखणाऱ्या प्रत्येक डीसीकडे बघा आणि या जागेवर कधी काही लिहिले जाते का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर ती जागा सीसेक्टमध्येच राहू द्या. स्थिर मजकूर, तक्ते आणि लिटरल पूल (आज्ञांत थेट लिहिलेल्या स्थिर किमतींचा साठा) यांना कोणी हात लावत नसल्याने त्यांचा काहीच त्रास नसतो. उत्तर ‘हो’ असेल तर ती जागा डीसेक्टमध्ये, म्हणजे स्वतः स्टोरेज न व्यापता फक्त मांडणी सांगणाऱ्या विभागात, हलवा. त्या डीसेक्टचे पहिले ७२ बाइट सेव्ह एरियासाठी राखा आणि त्यापुढे काउंटर, फ्लॅग, बफर, ईसीबी (घटनेची वाट पाहण्यासाठीचा शब्द), तात्पुरते पत्ते यांची मांडणी करा. शेवटी ईक्यूयूने (नावाला किंमत देणाऱ्या विधानाने) एकूण लांबी काढून ठेवा. खालच्या उदाहरणात डीसेक्टला ‘वर्क’ आणि लांबीला ‘वर्कलेन’ म्हटले आहे.

येथे एक हमखास फसवणारी गोष्ट आहे. डीसेक्टमध्ये डीसी लिहिला तरी तो केवळ जागा राखतो. त्याने कोणतीही आरंभीची किंमत तयार होत नाही. सीसेक्टमध्ये असताना शून्याने सुरू होणारा काउंटर डीसेक्टमध्ये गेल्यावर शून्याने सुरू होतोच असे नाही, आणि असेम्ब्लर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून डीसेक्टमध्ये डीएसच लिहावे आणि आरंभीच्या किमती कोडमधून भराव्यात.

दुसरी पायरी: शिरताना जागा मागून घ्या

प्रोग्रामच्या सुरुवातीला आपल्या हाती रजिस्टरांखेरीज काहीच नसते. रजिस्टर १३ मध्ये कॉलरची सेव्ह एरिया, १४ मध्ये परतीचा पत्ता, १५ मध्ये प्रवेशाचा पत्ता आणि १ मध्ये पॅरामीटर यादीचा पत्ता असतो. कॉलरच्या सेव्ह एरियात रजिस्टरे ठेवणे हा रीएन्ट्रंटपणाचा भंग नाही, कारण ती जागा कॉलरने त्याच कामासाठी दिलेली असते. त्यानंतरचा क्रम असा:

एसटीएम १४,१२,१२(१३)
एलआर १२,१५
यूझिंग मेन,१२
एलआर २,१
स्टोरेज ऑब्टेन,लेंग्थ=वर्कलेन
एलआर ४,१
एल ५,=ए(वर्कलेन)
एक्सआर ७,७
एमव्हीसीएल ४,६
एसटी १३,४(,१)
एसटी १,८(,१३)
एलआर १३,१
यूझिंग वर्क,१३

यातल्या चौथ्या ओळीकडे नवख्यांचे हटकून दुर्लक्ष होते. स्टोरेज ऑब्टेन हा मॅक्रो रजिस्टर ०, १, १४ आणि १५ आपल्या कामासाठी वापरतो आणि मिळालेल्या जागेचा पत्ता रजिस्टर १ मध्ये परत देतो. पॅरामीटरचा पत्ता आधी दुसरीकडे हलवला नाही तर तो त्या रजिस्टरातून पुसला जातो. तसा तो कॉलरच्या सेव्ह एरियात २४ या ऑफसेटवर अजून असतो, पण तेथून पुन्हा शोधून आणण्यापेक्षा आधीच हलवणे बरे.

हाच मॅक्रो का वापरायचा, यालाही कारण आहे. पॅरामीटर यादी लागणाऱ्या कोणत्याही मॅक्रोला ती यादी ठेवायला जागा हवी असते आणि आपल्याकडे तर अजून जागाच नाही. स्टोरेज ऑब्टेनचे सगळे काम रजिस्टरांतून चालते. जुन्या सोर्समध्ये गेटमेन दिसेल. त्याची आर, आरयू आणि आरसी ही रूपे रजिस्टरांवर चालतात म्हणून येथे चालतील, पण ईसी, ईयू, व्हीसी यांसारखी यादीवर चालणारी रूपे या जागी वापरू नयेत.

मिळालेली जागा शून्याने भरलेली असेल असे धरून चालू नका. वरच्या क्रमात एमव्हीसीएलने ती साफ केली आहे. रजिस्टर ७ शून्य असल्यामुळे स्रोताची लांबी शून्य होते आणि भरायचा बाइटही शून्य होतो, म्हणून रजिस्टर ६ मध्ये काय आहे याने काही फरक पडत नाही. जागा २५६ बाइट किंवा त्याहून कमी असेल तर एका एक्ससीने भागते. साफसफाई सेव्ह एरियाची साखळी जोडण्यापूर्वी करावी, नाहीतर नुकताच लिहिलेला मागचा पत्ता आपणच पुसून बसतो.

लिंकेज स्टॅक (यंत्रणा स्वतः रजिस्टरे जपून ठेवते ती जागा) वापरणारे प्रोग्राम एसटीएमऐवजी बीएकेआर आणि परतताना पीआर या आज्ञा वापरतात. त्यात कॉलरच्या सेव्ह एरियाला हात लावावा लागत नाही. आपल्या सेव्ह एरियाच्या दुसऱ्या शब्दात ‘एफ१एसए’ ही खूण ठेवायची असते. तरीही बदलणाऱ्या इतर गोष्टींसाठी जागा मागावीच लागते, त्यामुळे आधी वरची पद्धत हातात बसू द्यावी.

तिसरी पायरी: मॅक्रोंची यादी आणि अंमल वेगळे करा

बहुतेकांचे घोडे येथेच अडते, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी. सेवा मागणारे पुष्कळ मॅक्रो साध्या रूपात लिहिले की पॅरामीटर यादी तेथेच, कोडच्या मधोमध तयार करतात आणि चालताना त्या यादीत लिहितात. फाइल उघडणाऱ्या ओपनचेच पाहा. डीसीबीचा (फाइलचे वर्णन ठेवणाऱ्या ब्लॉकचा) पत्ता रजिस्टरातून दिला तर मॅक्रोच्या विस्तारात एसटी किंवा तत्सम आज्ञा येते आणि ती तो पत्ता यादीत ठेवते. यादी सीसेक्टमध्ये असेल तर प्रोग्रामने स्वतःवरच लिहिले असे होते. तुमच्या सोर्समध्ये ती एसटी दिसत नाही. ती बघायची तर लिस्टिंगमधला मॅक्रोचा विस्तार उघडावा लागतो. शिकण्याच्या काळात विस्तार छापण्याचा पर्याय बंद करू नये.

यावरचा उपाय मॅक्रोमध्येच आहे. एमएफ=एल हे रूप केवळ यादी तयार करते आणि एमएफ=(ई,पत्ता) हे रूप दुसरीकडे ठेवलेल्या यादीवर काम करते. सीसेक्टमध्ये यादीचा नमुना ठेवायचा, डीसेक्टमध्ये तेवढीच जागा राखायची, चालताना एमव्हीसीने नमुना तेथे उतरवायचा आणि मग अंमलाचे रूप वापरायचे:

एमव्हीसी ओपनयादी(ओपनलेन),ओपननमुना
ओपन ((३),इनपुट),एमएफ=(ई,ओपनयादी)

नमुन्याची लांबी हाताने मोजू नका. नमुन्यानंतर लगेच ईक्यूयू लिहून ती असेम्ब्लरकडून काढून घ्या, कारण मॅक्रोचा विस्तार पुढच्या आवृत्तीत वाढू शकतो. एमव्हीसी एका वेळी २५६ बाइटच हलवते हेही ध्यानात असू द्या. काही नव्या मॅक्रोंमध्ये यादीचे रूप एमएफ=(एल,नाव) असे लिहितात. ते थेट डीसेक्टमध्ये ठेवायचे असते आणि आरंभीच्या किमती अंमलाचे रूपच भरते, त्यामुळे तेथे नमुना उतरवावा लागत नाही.

सरसकट सगळेच मॅक्रो असे वळवावे लागतात असे मात्र नाही. ऑपरेटरला ठरावीक मजकूर दाखवणारा साधा डब्ल्यूटीओ हा मॅक्रो आपल्या यादीत काही लिहीत नाही, म्हणून तो आहे तसा राहू शकतो. मजकूर बदलता असेल तर यादी डीसेक्टमध्ये आलीच पाहिजे.

डीसीबीची गोष्ट वेगळी आहे. ओपन आणि त्यानंतरची प्रत्येक इनपुट-आउटपुट क्रिया डीसीबीत सतत लिहीत असते. म्हणून सीसेक्टमधला डीसीबी हा नमुनाच समजावा, तो मागितलेल्या जागेत उतरवावा आणि काम त्या प्रतीवर करावे. ती जागा १६ मेगाबाइटच्या रेषेखाली, म्हणजे २४ बिटांच्या पत्त्यांच्या आवाक्यात, असावी लागते. तुमचा प्रोग्राम रेषेच्या वर राहत असेल तर स्टोरेज ऑब्टेन मुळात जागाही वरचीच देतो, म्हणून डीसीबीसाठी लोक=२४ देऊन वेगळी छोटी जागा मागावी. सोबत डीसीबीई (डीसीबीचा जोडभाग) असेल तर तीही उतरवावी आणि नव्या डीसीबीतला तिचा पत्ता दुरुस्त करावा. हे विसरल्यास नवी प्रत जुन्याच डीसीबीईकडे बोट दाखवत राहते.

जुन्या सवयी

जुन्या सोर्समध्ये ‘पहिल्यांदाच करायचे’ काम वगळण्यासाठी स्वतःचीच ब्रँच आज्ञा बदलण्याची युक्ती जागोजागी आढळते. सुरुवातीला एनओपी असते, पहिल्या फेरीत ओआयने तिच्या दुसऱ्या बाइटवर हेक्स एफ० चढवतात आणि पुढच्या फेरीपासून तीच आज्ञा बिनशर्त ब्रँच होऊन बसते. युक्ती नामी आहे, पण रीएन्ट्रंट प्रोग्रामात तिला थारा नाही. तिच्या जागी डीसेक्टमध्ये एक फ्लॅग बाइट ठेवून टीएमने तपासावा. अशा बदलाने प्रोग्राम मंदावेल ही भीती आजच्या यंत्रांवर उलटीच ठरते. झेड मालिकेच्या प्रोसेसरांत आज्ञा आणि डेटा यांचे कॅशे वेगळे असतात आणि कॅशेची एक ओळ २५६ बाइटची असते. आज्ञा असलेल्या ओळीतच काही लिहिले की ती ओळ दोन कॅशेंमध्ये इकडून तिकडे हलवावी लागते आणि वेग चांगलाच घसरतो. त्यामुळे एकच टास्क वापरणार असलेल्या प्रोग्रामातसुद्धा डेटा कोडपासून दूर ठेवणे फायद्याचे आहे.

एमव्हीसीची लांबी चालताना ठरवायची असते तेव्हा काही जण आज्ञेचा लांबीचा बाइट एसटीसीने बदलतात. त्यासाठी ईएक्स ही आज्ञा आहे. ती लक्ष्य आज्ञेच्या दुसऱ्या बाइटवर रजिस्टरातला शेवटचा बाइट ‘ऑर’ करून आज्ञा चालवते, पण स्टोरेजमधली मूळ आज्ञा जशीच्या तशी राहते. ईएक्स दिसली की प्रोग्राम स्वतःला बदलतो असा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो; तो काढून टाकावा.

चौथी पायरी: बाहेर पडताना जागा परत करा

जागा सोडून दिल्यावर तिच्यातले काहीही वाचायचे नसते, म्हणून रिटर्न कोड आधीच रजिस्टरात, समजा ३ मध्ये, घेऊन ठेवा.

एलआर ५,१३
एल १३,४(,१३)
स्टोरेज रिलीज,लेंग्थ=वर्कलेन,अॅडर=(५)
एसटी ३,१६(,१३)
एलएम १४,१२,१२(१३)
बीआर १४

रिटर्न कोड कॉलरच्या सेव्ह एरियात १६ या ऑफसेटवर, म्हणजे रजिस्टर १५ च्या खणात ठेवला की एलएमनंतर तो आपोआप १५ मध्ये येतो. सोडलेल्या जागेतून तो वाचण्याची चूक धोकादायक आहे, कारण बहुतेक वेळा जुनी किंमत तेथे तशीच पडून असते आणि प्रोग्राम व्यवस्थित चालल्यासारखा दिसतो. प्रोग्रामला बाहेर पडण्याच्या दोन-तीन वाटा असतील तर त्या सगळ्या याच ओळींवर आणून सोडा. एका वाटेवर जागा सोडायची राहिली आणि प्रोग्राम फेऱ्यांमध्ये हजारो वेळा बोलावला गेला, तर जॉब शेवटी स्टोरेज संपल्याच्या ८७८ अॅबेंडने पडतो.

सामायिक डेटा हा वेगळा प्रश्न आहे

प्रत्येक टास्कला आपली जागा मिळाली म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या जागेचाही प्रश्न सुटला, असे होत नाही. सर्व टास्कचा मिळून एक काउंटर असेल आणि तो एल, एएचआय, एसटी अशा तीन आज्ञांनी वाढवला, तर दोन टास्कनी केलेली वाढ एकच मोजली जाऊ शकते. यासाठी सिस्टम/३७० पासून सीएस ही आज्ञा उपलब्ध आहे. जुनी किंमत रजिस्टर ४ मध्ये आणा, तिची प्रत ५ मध्ये घेऊन वाढवा आणि सीएस ४,५,काउंटर चालवा. मधल्या काळात किंमत कोणी बदलली नसेल तरच नवी किंमत लिहिली जाते. बदलली असेल तर ताजी किंमत रजिस्टर ४ मध्ये येते आणि कंडिशन कोडवरून तुम्ही प्रत घेण्याच्या ओळीवर परत जाता. काउंटर फुलवर्डच्या सीमेवर असला पाहिजे. एकापेक्षा जास्त जागा एकत्र बदलायच्या असतील तर एन्क्यू आणि डेक्यूचा, म्हणजे कुलूप लावण्याचा आणि काढण्याचा, मार्ग धरावा.

सीआयसीएस (व्यवहार हाताळणारी यंत्रणा) किंवा लँग्वेज एन्व्हायर्नमेंट (अनेक भाषांचे सामायिक रनटाइम) यांखाली लिहीत असाल तर दुसरी आणि चौथी पायरी बरीचशी तयारच मिळते. सीआयसीएसमध्ये डीएफएचईआयएसटीजी हा डीसेक्ट आणि डीएफएचईआयईएनटी हा मॅक्रो, तर लँग्वेज एन्व्हायर्नमेंटमध्ये सीईईएन्ट्री हा मॅक्रो जागा आणून देतो. बाकीची शिस्त तीच राहते.

पाचवी पायरी: तपासणी

असेम्ब्लरला रेंट पर्याय द्या, किंवा सीसेक्टऐवजी आरसेक्ट लिहा. असेम्ब्लर मग सीसेक्टमधल्या लेबलवर थेट लिहिणाऱ्या आज्ञा दाखवून देतो. त्याची नजर तेवढ्यापुरतीच असते. एलएने पत्ता रजिस्टर ४ मध्ये घेतला आणि पुढच्या ओळीत एसटी ५,०(,४) असे लिहिले तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून इशारा आला नाही याचा अर्थ दोष नाही, असा घेऊ नये.

खरी परीक्षा प्रोग्राम चालवून होते. रेंट गुणधर्माचा मॉड्यूल एपीएफ अधिकृत (यंत्रणेने विश्वासार्ह म्हणून नोंदलेल्या) लायब्ररीतून लोड झाला की यंत्रणा त्याला सबपूल २५२ या स्टोरेजच्या गटात ठेवते; त्या स्टोरेजची ‘की’, म्हणजे संरक्षणाचा क्रमांक, ० असते. की ८ मध्ये चालणाऱ्या तुमच्या प्रोग्रामने तेथे लिहिण्याचा प्रयत्न केला की तत्काळ ०सी४ अॅबेंड येतो. हाच मॉड्यूल अनधिकृत लायब्ररीतून आला तर तो सर्वसाधारणपणे सबपूल २५१ मध्ये जातो आणि तेथे स्वतःवर लिहिले तरी कोणी अडवत नाही. नव्या लोकांच्या ‘रीएन्ट्रंट’ प्रोग्रामांतले दोष वर्षानुवर्षे झाकलेले राहतात ते यामुळेच. तेव्हा चाचणीसाठी अधिकृत लायब्ररी मिळवा, आणि स्टेपलिबमध्ये (जॉब स्टेपच्या लायब्ररींच्या यादीत) सोबत एकही अनधिकृत लायब्ररी जोडू नका, कारण तशी एक जरी असली तरी पूर्ण साखळी अनधिकृत धरली जाते. मॉड्यूलला एसी(१) हा अधिकृततेचा कोड देण्याची गरज नाही. सीआयसीएसमध्ये हेच काम रेंटपीजीएम=प्रोटेक्ट हा पर्याय करतो आणि तेथे अॅबेंड एएसआरए या नावाने दिसतो.

०सी४ आला की आधी रिझन कोड पाहा. तो ४ असेल तर संरक्षणाचा भंग झाला आहे, म्हणजे आपण शोधतो तोच दोष असण्याची शक्यता दाट आहे. १० किंवा ११ असेल तर पत्ताच चुकीचा आहे आणि शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागेल. रिझन ४ मध्ये पीएसडब्ल्यूतला (प्रोग्रामची चालू स्थिती ठेवणाऱ्या शब्दातला) पत्ता पुढच्या आज्ञेचा असतो, त्यातून आयएलसीत (आज्ञेच्या लांबीच्या नोंदीत) दिलेली लांबी वजा करून दोषी आज्ञा काढा. तिच्या बेस रजिस्टरातली किंमत आणि डिस्प्लेसमेंट यांची बेरीज करा, इंडेक्स रजिस्टर असेल तर तेही मिळवा आणि त्यातून मॉड्यूलचा लोड पत्ता वजा करा. उत्तर मॉड्यूलच्या लांबीच्या आत आले तर तो ऑफसेट लिस्टिंगमध्ये शोधा. तेथे तुमचे एखादे लेबल सापडेल किंवा एखाद्या मॅक्रोच्या विस्तारातली यादी सापडेल. लेबल असेल तर ते डीसेक्टमध्ये हलवा, यादी असेल तर तिसऱ्या पायरीप्रमाणे नमुना आणि अंमल वेगळे करा, आणि पुन्हा असेम्बल करून त्याच लायब्ररीतून चालवा.